दोराखालच्या चिंध्या

माझ्या शिक्षकी पेशाच्या पहिल्या दहाबारा वर्षांत मी शास्त्रपाठाच्या परीक्षेत एक प्रश्न हटकून घालीत असे: एबद-मलेखाने यिर्मयास कशा प्रकारे वर काढिले? गुण दोन. पैकी राजाची परवानगी व बरोबरची माणसे यांस एक गुण, दोरास अर्धा, आणि चिंध्यांस उरलेला अर्धा. चिंध्या लिहावयास विसरलेल्या विद्यार्थ्याचा अर्धा गुण मी अगदी निर्विकार चित्ताने कापीत असे. पुढे इ. स. २०१९ साली मजवर असा प्रसंग आला की, तो अर्धा गुण वस्तुतः माझाच कापावयास हवा होता, असे मला कळून चुकले. ती हकीकत येथे सांगावयाची आहे. परंतु तत्पूर्वी ज्या गृहस्थाचे नाव आमच्या पुष्कळशा वाचकांनी कदाचित् ऐकलेही नसेल, त्याची ओळख करून दिली पाहिजे.

गोष्ट इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमाराची आहे. बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याच्या फौजांनी यरुशलेमास वेढा घातला होता. नगरातील धान्य संपत आले होते. अशा समयी यिर्मया नावाचा उतारवयाचा संदेष्टा लोकांस उघडपणे सांगत होता की, नगर पडणार हे ठरलेले आहे. जो शरण जाईल त्याचा प्राण तरी वाचेल. असले बोलणे कोणत्या सरदारास रुचणार? चौघे सरदार राजा सिद्कीयाकडे गेले आणि हा मनुष्य सैनिकांचा धीर खचवितो, त्यास मारून टाकावे, अशी त्यांनी मागणी केली. तो तुमच्याच हाती आहे, तुमच्यापुढे माझे काही चालत नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन राजा मोकळा झाला. राजदंड हाती असलेल्या पुरुषाच्या तोंडचे याहून दुबळे उत्तर माझ्या वाचनात फारसे आलेले नाही.

मग सरदारांनी यिर्मयास पहारेकऱ्यांच्या चौकातील एका विहिरीत सोडिले. ही विहीर म्हणजे आमच्या शिरोळ तालुक्यातील मळ्यात असते तशी मोटेची विहीर नव्हे. यरुशलेमात पावसाचे पाणी साठविण्याकरिता खडकात हौद खोदीत. तोंड अरुंद, पोट मोठे, आतून चुन्याचा गिलावा. त्या दिवसांत त्या हौदात पाणी उरले नव्हते, गाळ मात्र होता, आणि यिर्मया त्या गाळात रुतला. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरदारांनी त्यास वरून ढकलून दिले नाही. दोरांनी हळू खाली सोडिले. रक्त सांडल्याचा ठपका आपणांवर नको, आणि मनुष्य तर आपोआप मरावा, अशी ती मोठी सभ्य योजना होती.

ही वार्ता राजवाड्यातील एका नोकराच्या कानी गेली. हा मनुष्य यहूदी नव्हता. कूश देश, म्हणजे मिसराच्या दक्षिणेस नाईल नदीच्या वरच्या अंगास, आज ज्यास आपण सुदान म्हणतो त्या बाजूचा तो राहणारा; वर्णाने काळा, आणि राजवाड्यातील खोजा. परका, कुटुंबहीन, कोणाच्या गणतीत नसलेला. राजा त्या वेळी बन्यामिनाच्या वेशीत बसला होता. हा नोकर वाडा सोडून थेट वेशीवर गेला व चारचौघांसमक्ष राजास म्हणाला की, या लोकांनी केले हे वाईट केले, आणि तो मनुष्य तेथे उपासमारीने मरेल. चौघा सरदारांस हो म्हणणारा राजा त्या नोकरासही हो म्हणाला! शेवटी जो भेटेल त्याचे ऐकावे, असा त्या बिचाऱ्या राजाचा स्वभाव दिसतो. बरोबर तीस माणसे घे आणि त्यास वर काढ, अशी आज्ञा झाली. मूळ शब्द तीसऐवजी तीन असावा, असे काही विद्वान म्हणतात, कारण हिब्रू भाषेत ते दोन शब्द फार जवळचे आहेत. मला मात्र तीसच बरे वाटतात. एका अशक्त मनुष्यास वर ओढावयास तीन पुरे; परंतु ते चौघे सरदार मध्येच येऊन उभे राहिले तर तीनांनी भागत नाही.

आज्ञा मिळताच तो धावत विहिरीवर गेला असेल, असे कोणासही वाटेल. तो गेला नाही. तो आधी राजवाड्यात, खजिन्याच्या खालच्या कोठडीत गेला आणि तेथून फाटकी वस्त्रे व जुनेरे गोळा करून घेऊन आला. ती त्याने दोरांनी विहिरीत सोडिली व वरून यिर्मयास सांगितले की, ही तुमच्या काखेत, दोरांच्या खाली घाला. यिर्मयाने तसे केले. मग त्यास वर ओढिले. गोष्ट एवढीच.

त्याचे नाव एबद-मलेख. हे खरोखर नाव होते की हुद्दा, याविषयी पंडितांत चर्चा आहे. अर्थ मात्र सरळ आहे: राजाचा सेवक. वर्गात हा अर्थ सांगताना मला कधी कोशाची गरज भासली नाही. हिब्रू व अरबी या बहिणी-बहिणी आहेत. हिब्रूतील एबद म्हणजे अरबीतील अब्द, आणि मलेख म्हणजे मलिक. गणेशोत्सवात ज्या कुरुंदवाडात मशिदींतून गणपती बसतो, तेथल्या मुलांस अब्दुल मलिक हे नाव परके कसे असेल? अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो कूशी मनुष्य आमच्या गल्लीत कोणी हाक मारली तर ओ देईल, इतका जवळचा आहे. अब्दुल मलिक या नावातला मलिक म्हणजे परमेश्वर, आणि एबद-मलेखातला राजा म्हणजे सिद्कीया, हा भेद आहे खरा. परंतु तो कूशी शेवटी कोणत्या राजाचा सेवक ठरला, हे ज्याने त्याने गोष्ट वाचून ठरवावे.

आता माझी हकीकत.

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळ राहणाऱ्या आम्हांस पुराची भीती उपजत नसते. लहानपणापासून पूर म्हणजे काहीसा उत्सवच. पलीकडे नरसोबाच्या वाडीस पाणी देवळात शिरून दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले की स्नानासाठी लोकांची रीघ लागते, हे आम्ही सर्व धर्मांच्या मुलांनी कौतुकाने पाहिलेले आहे. परंतु ऑगस्ट २०१९ मधील पूर तसा नव्हता. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानितात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमच्या गावास बेटाचे रूप आले. लष्कराच्या व आपत्ती निवारण दलाच्या नावा तालुक्यात फिरू लागल्या. दोष अतिवृष्टीचा, धरणांचा, की नदीच्या पात्रात घरे बांधणाऱ्या आम्हा लोकांचा, या वादात मी येथे पडत नाही. तो वाद पाण्याहून सावकाश ओसरतो.

पाणी उतरल्यावर मदत येऊ लागली, आणि भरभरून आली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून ट्रक येत. त्यांत धान्य असे, चादरी असत, वह्या असत, आणि जुने कपडे तर इतके असत की त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेस भिजत पडलेले दिसत. आमच्या शाळेत ज्यांच्या घरी पाणी शिरले होते अशा विद्यार्थ्यांसाठी नवे गणवेश व वह्या आल्या, व त्या वाटण्याचे काम मजकडे आले. हे काम मी मोठ्या उत्साहाने केले. वर्गवार यादी केली. तीन वेळा तपासली. एकाही मुलाचे नाव सुटले नाही आणि एकाचेही दोनदा आले नाही. मग सकाळच्या प्रार्थनेनंतर, सर्व शाळा मैदानावर उभी असता, मी एकेक नाव पुकारिले. मुलाने पुढे यावे, पाहुण्यांच्या हातून पुडके घ्यावे, छायाचित्र व्हावे, टाळ्या व्हाव्यात, आणि त्याने जागेवर जावे, असा क्रम होता. छायाचित्रांची हौस पाहुण्यांची होती हे खरे. परंतु नावे पुकारण्याची कल्पना सर्वस्वी माझी. हिशेब चोख राहावा, हा माझा हेतू.

आठवीच्या वर्गात त्या वेळी एक मुलगा होता. अभ्यासात बरा, स्वभावाने अबोल, आणि वर्गाचा नायक. त्याचे नाव पुकारिले तेव्हा तो जागेवरून लवकर हलला नाही. मी पुन्हा, जरा मोठ्याने, पुकारिले. तो आला, पुडके घेतले, कॅमेऱ्याकडे पाहिले नाही, आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी, आजारी असेल तर विचारपूस करावी, म्हणून मी त्याच्या घरी गेलो.

घराच्या भिंतीवर, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर, चिखलाची सरळ रेघ उमटलेली होती. दाराशी शिवणयंत्र उघडून ठेविले होते व मुलाचे वडील त्याच्या गंजलेल्या भागांस तेल घालीत होते. मुलाचे वडील शिंपी आहेत, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. आमच्याच शाळेच्या कितीएक मुलांचे गणवेश त्यांच्या हातचे होते. ते उठून उभे राहिले, मला बसावयास खुर्ची दिली, आणि मुलाच्या आईने चहा टाकिला. कोणी एक अक्षर तक्रारीचे बोलले नाही. मी दिलेले पुडके फळीवर जसेच्या तसे, दोरी न सोडता ठेविलेले होते. मी मुलाकडे पाहून विचारिले, “बाळ, शाळेत का येत नाहीस?” तो गप्प. शेवटी आई हळूच म्हणाली, “सर, मोबाईलवर फोटो आला. त्याच्या बाबांचं गिऱ्हाईक म्हणालं, शिंप्याच्या पोराला गणवेश दुसऱ्यांनी द्यावा लागला म्हणून.” वडील म्हणाले, “जाऊ दे की गं. सरांनी चांगल्यासाठीच केलं.” आणि पुन्हा खाली बसून यंत्रास तेल घालू लागले.

माझ्या हातात चहाचा पेला होता. तो मला पिववेना. मान वर करण्याचेही मला धैर्य होईना. इतक्यात मुलाची आजी दारातून आत आली. नळाचे पाणी अद्याप सुरू झाले नव्हते. ती टँकरवरून भरलेली घागर डोक्यावर घेऊन आली होती. “सर आलेत व्हय? बसा की,” असे म्हणत तिने घागर उतरविली, डोक्यावरची चुंबळ काढून झटकली, आणि खुंटीस अडकविली. जुन्या लुगड्याच्या काठाची ती चुंबळ होती. वर्षानुवर्षांच्या वापराने मऊ झालेली. मी तिच्याकडे पाहत राहिलो. घागर पाण्याचीच, पाणी आपल्याच घरचे, आणि तरीही त्या माउलीने घागर व डोके यांच्यामध्ये चिंधी घालावयाची कधी चुकविली नव्हती.

त्या रात्री घरी येऊन मी यिर्मयाच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय पुन्हा उघडिला. पंचवीस वेळा शिकविलेला तो अध्याय मी जणू प्रथमच वाचीत होतो.

पहिल्याने माझे लक्ष दोरांकडे गेले. सरदारांनी यिर्मयास दोरांनीच खाली सोडिले आणि एबद-मलेखाने त्यास दोरांनीच वर काढिले. दोरास भले-बुरे कळत नाही. बुडविणाऱ्याचा दोर ज्या ठिकाणी काचतो, त्याच ठिकाणी तारणाऱ्याचाही काचतो. किंबहुना गाळात रुतलेल्यास वर ओढताना अधिकच काचतो, कारण गाळ त्यास खाली खेचीत असतो. काखेतून जाणाऱ्या शिरा दबल्या म्हणजे हात बधिर होतात, हे आजचे वैद्य सांगतील, आणि म्हणूनच आजच्या बचावपथकांच्या पट्ट्यांस रुंद गादी असते. शेतकरी हे शास्त्र फार पूर्वीपासून जाणतो. आमच्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करितात. वर्षभर जू जेथे घासले, तेथेच हळद व लोणी चोळितात. माझ्या यादीत मुलांची नावे होती, इयत्ता होत्या, मापे होती. दोर कोठे काचेल, याचा रकाना मी आखलाच नव्हता.

मग मी खजिन्याच्या खालच्या त्या कोठडीचा विचार करू लागलो. वर सोने-रुपे, खाली चिंध्या. यरुशलेमच्या प्रधानास विचारिले असते तर खजिन्यात किती भांडी आहेत, हे त्याने तत्काळ सांगितले असते. खाली जुनेरे कोठे पडली आहेत, हे त्यास काय ठाऊक? ते नोकरासच ठाऊक असते. जो झाडतो, उचलतो, घड्या घालतो, त्यास. एबद-मलेखाच्या हाती त्या दिवशी राजाची आज्ञा होती व तीस माणसांवर सत्ता होती. ती सत्ता हाती येऊनही तो नोकराचे ज्ञान विसरला नाही. पुढारी होताच माणसे पहिल्याने हेच विसरतात. मी शाळेत अनेक नायक-उपनायक पाहिले आहेत. बिल्ला लावल्यापासून आठ दिवसांत खडू कोठे ठेवितात, हे ज्यांना दुसऱ्यास विचारावे लागते, असेही पाहिले आहेत. गुरुजनांची गोष्ट तर बोलावयासच नको.

आणखी असे की, त्या चिंध्या त्याने यिर्मयाच्या काखेत स्वतः कोंबल्या नाहीत. त्या खाली सोडून, त्यांचा उपयोग काय ते वरून सांगितले, आणि म्हातारा आपल्या हातांनी त्या नीट बसवून होईपर्यंत तो थांबला. गाळात रुतलेल्या मनुष्यासही आपल्यासाठी काहीतरी स्वतः करावयाचे शिल्लक ठेविले. हा विलंब धोक्याचा होता. सरदार केव्हाही आले असते. तरी तो थांबला. माझ्या मैदानावरील समारंभात मुलांनी करावयाचे असे काय होते? पुडके घेणे, आणि टाळ्या ऐकणे.

त्या रस्त्याकाठच्या ढिगांचेही मला स्मरण झाले. चिंध्या तेथेही होत्या. परंतु तेथे चिंधी हीच मदत होती, आणि एबद-मलेखाच्या हाती ती मदतीखालची गादी होती. ज्यांनी कपडे धाडिले, त्यांच्या मनात दया नव्हती असे मी म्हणणार नाही. मी स्वतः नवे कोरे कापड वाटून त्याहून बरे केले नव्हते.

ग्रंथकाराने एबद-मलेखाचे पुढे काय झाले, हे थोडक्यात सांगितले आहे. यिर्मया मोकळा झाला नाही. विहिरीतून निघून तो पहारेकऱ्यांच्या चौकातच कैदेत राहिला. नगर पडावयाचे ते पडलेच. खजिना लुटला गेला. त्या कूशी सेवकाने कोणताही वेढा उठविला नाही, राज्य वाचविले नाही. एका मनुष्यास एका गाळातून काढिले, एवढेच. नगराचा पाडाव होईल त्या दिवशी त्याचा जीव वाचेल, कारण त्याने परमेश्वरावर भरवसा ठेविला, असे वचन त्यास यिर्मयाच्या द्वारे मिळाले. आमचे कुरुंदवाड १९४८ साली विलीन होईपर्यंत संस्थान होते. राजाच्या कामी पडलेल्या सेवकास इनाम-जमीन मिळते, अशा कथा येथे घरोघरी ऐकावयास मिळतात. एबद-मलेखास बिघाभर जमीन मिळाल्याचा उल्लेख नाही.

मौज अशी की, त्या चौघा सरदारांपैकी दोघांच्या नावाचे मातीचे ठसे यरुशलेमातील उत्खननांत सापडले आहेत: शलेम्याचा पुत्र युकाल याचा २००५ मध्ये, आणि पशहूराचा पुत्र गदल्या याचा २००८ मध्ये. कागदपत्रांवर मोहोर उमटविण्याचा ज्यांना अधिकार होता, त्यांची मोहोर मातीत राहिली. चिंध्या मात्र कुजतात.

आमच्या महाराष्ट्रात असा दोराखाली चिंध्या घालणारा पुढारी कोण झाला, असे मला विद्यार्थी विचारितात, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव घेतो. त्यांनी दुष्काळात सापडलेल्या मुलींस मध्यप्रांतातून केडगावास आणिले, ही गोष्ट पुष्कळांस माहीत आहे. आईबाप दुष्काळात गमावलेल्या त्या बाईस भूक म्हणजे काय हे शिकवावे लागले नव्हते. परंतु माझ्या मनात त्यांचे दुसरे काम अधिक भरते. ज्यांस कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या, त्या विदुषीने पुढे हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून सबंध पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि ते करिताना संस्कृत शब्द, जे त्यांच्या जिभेवर बालपणापासून खेळत होते, ते बुद्ध्या बाजूस ठेविले. खेड्यातील नुकत्याच अक्षरे शिकलेल्या बाईस वाचता यावे, हा त्यांचा हेतू. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंतचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांना कठीण शब्द येत नव्हते म्हणून त्यांनी सोपे वापरिले, असे कोण म्हणेल? वाचणारीस कोठे बोचेल, हे त्यांनी पाहिले. मी स्वतः या लेखात जितके संस्कृत शब्द घातले आहेत, तितके पाहून त्या बहुधा हसल्या असत्या.

त्या मुलाच्या घरी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो व त्याची क्षमा मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागणे आमच्या पिढीस अवघड जाते. मला फार अवघड गेले. तो सोमवारी शाळेत आला. जुन्याच, पिवळ्या पडलेल्या गणवेशात आला. मी काही बोललो नाही.

दोन वर्षे लोटली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, आणि राजाराम बंधाऱ्याचे पाणी या वेळी ५६ फुटांवर चढले. महामारीमुळे शाळेचे वर्ग बंद होते. मैदान नव्हते, प्रार्थना नव्हती, टाळ्याही नव्हत्या. माजी विद्यार्थ्यांनी व काही मंडळ्यांनी पैसे धाडिले. या वेळी आम्ही शिवलेले गणवेश आणिले नाहीत. कापडाचे तागे आणिले, आणि ज्या शिंप्यांच्या दुकानांत पाणी शिरले होते त्यांस ते नेहमीच्या शिलाईच्या दराने शिवावयास दिले. त्यांत त्या मुलाचे वडीलही होते. यंत्र त्यांनी या खेपेस आधीच माळ्यावर चढविले होते.

पोचवावे कसे, हा प्रश्न राहिला. मी यादी घेऊन बसलो होतो. आता दहावीत असलेला तो मुलगा कापडाचा हिशेब देण्यास आला होता. यादीकडे पाहून तो म्हणाला, “सर, स्वाध्यायाचे कागद आपण सगळ्यांच्याच घरी देतो. त्याच पिशवीतून देऊ की. कुणाच्या पिशवीत काय, ते कोण बघतंय?” मी यादी त्याच्या स्वाधीन केली. पुढील आठ दिवस तो व त्याचे दोघे मित्र सायकलींवरून फिरत होते. कोणत्या घरी दुपारी जावे, कोणत्या घरी वडील नसताना जावे, कोठे आजीच्याच हाती द्यावे, हे सर्व त्यास ठाऊक होते. मजला, वीस वर्षे त्याच गावात शिकवीत असूनही, त्यातले चौथाई ठाऊक नव्हते. यादी परत आली तेव्हा प्रत्येक नावापुढे खूण होती. शेवटी एक नाव नव्याने लिहिले होते, तेही इतक्या बारीक अक्षरांत की मी ते पाहिले नाही.

त्या पुरात माझ्या घरातही छातीइतके पाणी होते. कपड्यांची पेटी आम्हांस हलविता आली नव्हती. पगारदार मनुष्याने यादीत नाव घालू नये, हे मी मनाशी ठरविले होते आणि त्याविषयी कोणाशी बोललोही नव्हतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी वर्ग पुन्हा भरणार होते. आदल्या सायंकाळी स्वाध्यायाच्या कागदांची पिशवी माझ्या दाराशी आली. मी तपासणीचे कागद समजून ती उघडली. कागदांच्या खाली एक पांढरा सदरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो अंगात घातला. खांद्यास, मनगटास, गळ्यास, कोठेही आखूड नाही की सैल नाही. त्या शिंप्याने माझे माप कधी घेतले नव्हते. त्याच्या घरी मी चहाचा पेला हाती धरून, मान खाली घालून बसलो होतो. त्याच्या नजरेस तेवढे पुरले असावे.